मुलासाठी घेताय का?

‘मॅडम, मुलासाठी घेताय का?’

काउंटरपलीकडच्या मुलाने हे अगदी अदबीने विचारलं होतं. माझं वय पन्नाशीच्या पुढचं, अंगावर बँकेतून सुटल्यावरची सुती साडी, खांद्याला डब्याची पिशवी. अशी बाई इलेक्ट्रिक गिटारचं पेडल मागतेय म्हटल्यावर त्याच्या मनात दुसरा प्रश्न येणार तरी कुठून? मी म्हटलं, ‘नाही, माझ्यासाठीच.’ तो हसला. माझ्यासोबत माझा भाचा होता. त्याला तबल्याखेरीज काही वाजवता येत नाही. पण त्यानंतरचा अर्धा तास मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या मुलाने भाच्याकडे बघून दिलं. भाचा बिचारा अवघडून मान हलवत राहिला. शेवटी ‘हे लेडीजना सोपं पडतं’ असं म्हणून एक पेडल माझ्यापुढे ठेवण्यात आलं. महिन्याच्या किराण्याइतकी त्याची किंमत होती. पुन्हा प्रश्न विचारायची लाज वाटली म्हणून मी ते घेतलं. तीन आठवड्यांत कळलं, की मला हवं ते हे नव्हेच.

मैत्रिणींनो, मी त्या मुलाची तक्रार करायला बसलेले नाही. मला बोलायचंय ते त्या लाजेबद्दल. बँकेत कर्जाच्या फायलीवर साहेबांशी वाद घालणारी मी, एका लोखंडी डबीपुढे गप्प का झाले?

गिटार माझ्या हाती आली ती १९९३ साली, पथनाट्यातून. आमच्या गटात डफ होता, झांजा होत्या आणि माझी साधी लाकडी गिटार. चौकातल्या रहदारीत तिचा आवाज मलासुद्धा ऐकू यायचा नाही. पुढे लग्न, बदल्या, सासूबाईंचं आजारपण. गिटार माळ्यावर गेली. चार वर्षांपूर्वी जबाबदाऱ्या थोड्या सैल झाल्या तेव्हा मी इलेक्ट्रिक गिटार घेतली. कारण एकच, या खेपेला आपला आवाज आपल्याला ऐकू यायला हवा!

आता पेडल म्हणजे काय, ते सांगते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेचा कंप विजेच्या लहरीत बदलतो आणि केबलमधून अ‍ॅम्पकडे जातो. या वाटेवर मध्येच एक डबी बसवायची. पायाने दाबली की ती आवाजात काहीतरी बदल करते, पुन्हा दाबली की बाजूला होते. हात तारांवर गुंतलेले असतात म्हणून बटण पायाखाली. डिलेचं पेडल वाजवलेला सूर प्रतिध्वनीसारखा परत ऐकवतं. रिव्हर्बने बंद खोलीत देवळाच्या सभामंडपाचा घुमारा येतो. कोरसने एका गिटारच्या दोन-तीन झाल्यासारख्या वाटतात. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही तीन भावंडं आवाज फाडतात, कमी-जास्त प्रमाणात.

आवाज मुद्दाम का फाडायचा, असं माझ्या आईने विचारलं होतं. मी तिला तंबोऱ्याची आठवण दिली. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीला जवारी लावतात, म्हणजे घोडीचा माथा असा घासतात की तार त्याला हलकेच चाटून जाते. वर तारेखाली सुताचा जीवा सरकवतात. तार मोकळी कंप पावण्याऐवजी घोडीला घासते आणि त्यातून सूक्ष्म स्वरांचा झणत्कार उठतो. काटेकोर बोलायचं तर हीसुद्धा स्वच्छ सुरात केलेली ढवळाढवळच. पण ती नसेल तर तंबोरा मुका वाटतो. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या कारागिरीला. फझ पेडलमध्ये लहरीची टोकं विजेच्या जोडणीने छाटली जातात आणि त्यातूनही नवे सूक्ष्म स्वर उमटतात. रीत निराळी, हौस एकच. आईला हे लगेच पटलं.

आणि या फझचा जन्म कसा झाला? बिघाडातून! अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बास वाजवत होता आणि मिक्सिंगच्या यंत्रातल्या एका बिघडलेल्या भागामुळे त्याचा आवाज फाटून आला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ साली गाणं गाजलं आणि इतरांनाही तो आवाज हवासा झाला. मग तिथला ध्वनितंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी याने तोच बिघाड ट्रान्झिस्टरच्या जोडणीतून मुद्दाम घडवला. १९६२ साली गिब्सन कंपनीने तो ‘मायस्ट्रो फझ-टोन’ नावाने बाजारात आणला. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने तो जगभर पोचवला. म्हणजे आज ज्या आवाजाच्या शुद्धतेवरून जाणकार हमरीतुमरीवर येतात, तो मुळात एक बिघाड होता. हे कळलं त्या दिवशी माझी निम्मी भीती गेली.

उरलेली निम्मी भीती वही घालून बसल्यावर गेली. दुकानात मला जे कुणी सांगितलं नाही, ते इथे लिहून ठेवते. कुणाला तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, पेडल विकत घेण्याआधी आपल्याला काय कमी पडतंय ते एका वाक्यात लिहून काढायचं. ‘माझे सूर लवकर विझतात’, ‘आवाज कोरडा वाटतो’, ‘बाकीच्यांच्या गलक्यात माझी गिटार बुडते’. वाक्य लिहिता येत नसेल तर पैसे घरीच ठेवायचे. पुष्कळदा कमतरता पेडलची नसतेच. जुन्या तारा असतात, नाही तर अ‍ॅम्पचं बटण भलतीकडे फिरलेलं असतं.

दुसरी, दोन पेडलं ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखा मोठा करून घ्यायचा. माणसाच्या कानाला जरा मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

तिसरी, विजेची. बहुतेक पेडलं ९ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्या अडॅप्टरच्या पिनचं मधलं टोक ऋण असतं. घरातला कुठलाही अडॅप्टर लावायचा नाही, आधी पेडलवरची खूण बघायची. पेडल किती मिलिअँपिअर खातं तेही बघायचं. साधी अ‍ॅनालॉग पेडलं फार थोड्यावर भागवतात, डिजिटल पेडलं मात्र शंभर किंवा त्याहून जास्त मागतात. एकाच अडॅप्टरला शेपटी लावून पाच पेडलं चालवली की डिजिटल पेडलची शिट्टी इतरांच्या आवाजात शिरते. मग प्रत्येकाला वेगळी वीज देणारा पुरवठा लागतो. आणि आपल्याकडच्या जुन्या इमारतींत अर्थिंग धड नसलं तर कितीही महागडं पेडल भुणभुणतंच. तिथे आधी वायरमनला बोलवायचं.

चौथी, क्रम. फझ शक्यतो सुरुवातीला, कारण जुन्या पद्धतीच्या फझला थेट गिटारच आवडते. आवाज फाडणारी पेडलं आधी, डिले आणि रिव्हर्ब नंतर. उलट लावली तर प्रतिध्वनीही फाटतात आणि सगळा चिखल होतो. अर्थात कधी चिखलच हवा असेल, तर खुशाल उलट लावा.

बस. सुरुवातीला लागणारं ज्ञान इतकंच आहे. शिवणयंत्राचा ताण जुळवणाऱ्या, कुकरची शिट्टी ऐकून डाळ शिजली की नाही ते सांगणाऱ्या बायकांना हे अवघड आहे का? मग ते अवघड वाटतं कशामुळे? तर ते ज्यांच्यामधून आपल्यापर्यंत येतं, त्यांच्यामुळे.

आमच्या शहरात गिटारवाल्यांचा एक गट आहे. महिन्यातल्या एका रविवारी एका जॅमरूममध्ये जमायचं, पेडलं आणायची, वाजवून बघायची, अदलाबदल करायची. एरवी फोनवर चर्चा चालू. मी गेले तेव्हा तीस-चाळीस पुरुष होते आणि मी. गटात दोन पंथ. एकाचं म्हणणं, चिप अमुक नंबरची असेल तरच आवाज खरा. दुसऱ्याचं म्हणणं, आवाज बोटांत असतो, पेडलं कशाला! गंमत अशी, की दुसऱ्या पंथातल्यांकडेही डझनभर पेडलं असतातच.

या लोकांनी मला पुष्कळ दिलं, हे आधी सांगायला हवं. एका गृहस्थांनी महिनाभर डिलेचं पेडल वापरायला दिलं, एक पैसा न घेता. दुसऱ्याने माझी तुटकी केबल स्वतः बसून जोडून दिली. वस्तूवर जीव लावणारी माणसं वाईट नसतात.

पण त्यांचा आवडता विनोद कोणता, सांगू? ‘बायकोला खरी किंमत सांगू नका रे!’ कुणी नवं पेडल आणलं की हे वाक्य येणारच. पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचं, जुन्या पेडलांत नवं लपवायचं, ‘मित्राचं आहे’ म्हणून सांगायचं. यावर सगळे हसतात. पहिल्यांदा मीही हसले. मग घरी येताना बसमध्ये हिशोब करू लागले. ज्या पैशांबद्दल हे बोलतात ते घरातले पैसे आहेत. ते न विचारता खर्च करण्याची मुभा एकाला आहे आणि विनोदातली खाष्ट पोलीस मात्र दुसरी. तिला काय हवं असतं, हा प्रश्न विनोदात कुठेच नाही. माझ्या प्रत्येक पेडलची किंमत आमच्या घरात शेजारणीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मला प्रत्येक वेळी कारण द्यावं लागलंय. ‘या वयात?’ या प्रश्नाचं उत्तर त्या तीस-चाळीस जणांपैकी किती जणांनी दिलं असेल?

तरीही मी गटात टिकले. कशी टिकले, ते सांगताना आज बरं वाटत नाही. पहिले सहा महिने मी एकही प्रश्न विचारला नाही. न कळलेले शब्द वहीत टिपायचे, घरी येऊन शोधायचे, पुढच्या रविवारी ठाऊक असल्यासारखं बोलायचं. विनोदांवर हसायचं. हळूहळू ‘ताई आपल्यातल्याच आहेत’ असं म्हटलं जाऊ लागलं. मला त्याचा अभिमान वाटायचा.

गेल्या वर्षी गटात एक मुलगी आली. एकोणीस-वीस वर्षांची, डिप्लोमाला शिकणारी. तिने फोनवरच्या गटात प्रश्न टाकला: दोन पेडलं एका अडॅप्टरवर लावली की बारीक शिट्टी ऐकू येते, असं का होतं? किती नेमका प्रश्न! उत्तरं काय आली? ‘आधी वाजवायला शिक, मग पेडलं घे.’ ‘सेटअपचा फोटो टाक, सोबत तुझाही टाक.’ खाली हसणारी तोंडं. दोघा-तिघांनी तिला परस्पर निरोप पाठवले, ‘घरी येऊन लावून देतो’ म्हणून. हे मला नंतर कळलं.

मला उत्तर येत होतं. तीच शिट्टी मी तीन महिने ऐकली होती. मी फोन हातात घेऊन बसले होते आणि काहीही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मी ‘आपल्यातली’ राहिले असते का, ही शंका आड आली. आठवड्याभरात ती गट सोडून गेली.

दोन महिन्यांनी मी तिचा नंबर मिळवून फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘ताई, तुम्ही तेव्हा वाचलं होतं ना?’

एका बाईला आत घ्यायचं आणि तिच्याच गप्प बसण्यावर दुसरीला बाहेर ठेवायचं, ही रीत आपण कार्यालयांत, पक्षांत, युनियनमध्ये पाहिलेली आहे. तिच्यावर आपण शिबिरांत बोललोही आहोत. पण स्वतःच्या हातून घडलं तेव्हा मला ते ओळखता आलं नाही, कारण विषय ‘छंदाचा’ होता. छंदात कसलं आलंय राजकारण, असं आपणही मनातून धरून चालतो.

आणि ज्या वस्तूंवरून हा सगळा मान-अपमान चालतो, त्या बनवल्या कुणी? दुसऱ्या महायुद्धात मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावच्या गिब्सन कारखान्यातले पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा स्त्रियांनी गिटारी बनवल्या. युद्धाच्या काळात आमच्याकडे गिटारी फारशा बनतच नव्हत्या, असं पुढे कंपनीच्या इतिहासात सांगितलं जाई. जॉन थॉमस या लेखकाने त्या कामगार स्त्रियांना म्हातारपणी शोधून काढलं आणि ‘कॅलमझू गॅल्स’ हे पुस्तक लिहिलं. त्या काळातल्या, माथ्यावर रंगवलेली फीत असलेल्या ‘बॅनर’ गिटारी आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात. कॅलिफोर्नियातल्या फेंडर कारखान्यात अ‍ॅबिगेल इबारा १९५६ साली लागल्या आणि २०१३ साली निवृत्त झाल्या. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे देऊन त्या पिकअप बनवत. तारेचा कंप विजेत बदलणारा भाग तो हाच. आज त्यांच्या हातच्या पिकअपसाठी शौकीन धडपडतात. वाजवणाऱ्यांत तरी काय वेगळं? चर्चमधून आलेल्या कृष्णवर्णीय सिस्टर रोझेटा थार्प १९४० च्या दशकात इलेक्ट्रिक गिटारवर जे वाजवत होत्या, त्यातून पुढे रॉक अँड रोल आलं. त्या १९७३ साली गेल्या आणि अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांना जागा मिळाली २०१८ साली.

लांब कशाला जायचं? १९७३ साली अंधेरीत सीप्झ उभं राहिलं. तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जोडणी करणाऱ्या हातांत मोठा भरणा बायकांचा होता. बायकांची बोटं नाजूक कामाला चांगली, असं तेव्हा सांगितलं जाई. म्हणजे मजुरीवर दिवसभर सोल्डरिंग करायला बाई चालते. तीच बाई स्वतःच्या हौसेसाठी सोल्डरिंग आयर्न मागायला गेली, की ते काम ‘टेक्निकल’ होतं!

मग काय करायचं? बायकांचा वेगळा गट काढायचा, असं काही मैत्रिणींनी सुचवलं. मला तो हवाच आहे. पण तेवढाच पुरेसा वाटत नाही. वस्तू, अनुभव, उसनी मिळणारी पेडलं हे सगळं त्या मोठ्या गटात फिरत असतं. ते त्यांच्या हवाली करून आपण बाजूला का व्हायचं? २०१८ साली फेंडरने अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाहणी केली तेव्हा नव्याने गिटार शिकणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया निघाल्या. शिकायला निम्म्या आणि दुकानात, गटात मूठभर, तर मधल्या वाटेवर त्या कुठे गळतात? बहुधा अशाच एखाद्या हसणाऱ्या तोंडांच्या रांगेपाशी.

म्हणून मी गट सोडला नाही. मात्र जमवून घेण्याचा माझा अर्थ बदलला. पूर्वी तो गप्प राहणं असा होता. आता मी साधे प्रश्न सर्वांसमोर विचारते, मुद्दाम. कुणी कुणाच्या साध्या प्रश्नावर हसलं तर विनोद न करता त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर लिहिते. परस्पर निरोप पाठवायचे नाहीत, उत्तर गटातच द्यायचं, हा नियम मी मांडला तेव्हा चार-पाच जण नाराज झाले. ‘ताई, तुम्ही वातावरण बिघडवताय’ असंही एकाने म्हटलं. पण ज्यांनी मला पेडल उसनं दिलं होतं, ते गृहस्थ पहिल्यांदा बाजूने बोलले आणि नियम झाला. बायकोच्या विनोदावर मी आता विचारते, ‘वहिनींना काय आवडतं? त्यांनी शेवटचं स्वतःसाठी काय घेतलं?’ पहिल्या खेपेला शांतता पसरली. एकाने मात्र पुढच्या महिन्यात सांगितलं, की त्याने घरी खरोखरच हे विचारलं.

त्या मुलीला मी पुन्हा फोन केला, माफी मागितली. ती गटात परत आलेली नाही आणि ‘ये’ म्हणण्याचा मला हक्कही नाही. पण दर पंधरा दिवसांनी ती आमच्या मंडळाच्या खोलीवर येते. आम्ही सात-आठ जणी जुन्या केबली जोडायला शिकतो. सोल्डरिंग ती शिकवते, तिचा हात माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. मागच्या वेळी तिने तिचं पेडल आणलं होतं. शिट्टी गेली होती, दुसरा अडॅप्टर लावून. मी तिला म्हटलं, हे उत्तर मी वर्षापूर्वीच देणं लागत होते. ती म्हणाली, ‘असू दे ताई, आता हे वाजवून बघा.’

आमच्या खोलीत अर्थिंग धड नाही, त्यामुळे सगळं थोडं भुणभुणतं. वायरमनला बोलावलंय. तोवर तुमच्या माळ्यावर एखादी गिटार, बुलबुलतरंग, काहीही पडलं असेल, तर खाली काढा आणि घेऊन या. आणि तुम्हीही अशा एखाद्या गटात कधी गप्प बसला असाल, तर ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात आपण त्यावर बोलू.